मानेमागची सुई

मालवण,
सोमवार, १३ जानेवारी २०२५

सुगंधाआतेस नमस्कार.

जे झालं ते क्रमाने लिहिते.

१. गेल्या मंगळवारी सकाळी बर्फाच्या कारखान्यात कॉम्प्रेसरचं प्रेशर बघायला उभी राहिले. काटा दिसला नाही. तबकडीचा उजवा अर्धा भागच जागेवर नव्हता. तिथे एक चमकणारी नागमोडी रेघ हलत होती.

२. माझ्या हाताखालच्या प्रीतमला म्हटलं, तू वाच, माझे हात तेलाचे आहेत. हात कोरडे होते.

३. अर्ध्या तासाने डोक्याची डावी बाजू सुरू झाली. लाद्या ठेवतात त्या खोलीमागे जाऊन उलटी केली.

४. प्रीतमने पाहिलं. म्हणाला, "म्याडम, अमोनिया गळता काय खंय? माका तर वास येणा नाय." मी म्हटलं, काल बाहेरचं खाल्लं होतं.

५. हे पहिल्यांदा झालेलं नाही. पावसाळ्यापासून महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस डोकं दुखतं. मी कोणाला सांगितलेलं नाही.

६. गुरुवारी कुडाळला गेले. तिथे एका दवाखान्यात दर दुसऱ्या आणि चौथ्या गुरुवारी कोल्हापूरहून मेंदूविकाराचे डॉक्टर येतात. ते म्हणाले, अर्धशिशी, जुनाट झालेली. गोळ्या मी इतक्या घेतल्या आहेत की आता गोळ्यांमुळेही दुखतं.

७. २३ तारखेला ते मानेच्या मागे, कवटीच्या खालच्या कडेला इंजेक्शनं देणार आहेत.

एवढंच.

पत्र लिहिण्याची कारणं दोन. फोनच्या पडद्याचा उजेड मला सहन होत नाही, आणि घरातला फोन बाबा स्पीकरवर ठेवून बोलतात. शेजारच्या वाडीलाही ऐकू जातं. बाबांना आणि आईला यातलं काही सांगू नकोस. कारखान्यातही कळता कामा नये. ज्या बाईला काटा दिसत नाही तिच्या हातात कोणी अमोनियाचे वाल्व देणार नाही. मी मालक असते तर मीही दिले नसते.

डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कोणाला आहे का. मी म्हटलं, वडिलांच्या बहिणीला. त्यांनी पुढचे प्रश्न विचारले आणि मला एकाचंही उत्तर देता आलं नाही. एका घरात मी तुझ्याबरोबर अठरा वर्षं राहिले. मला एवढंच ठाऊक आहे की "आते पडली हा" असं आई म्हणाली की आम्ही पाय न वाजवता चालायचो.

म्हणून विचारते. तुला कोणत्या वयात सुरू झालं? कोणती बाजू? अजून होतं का? कोणत्या गोळ्या घेतेस?

संचिता


घरून,
मंगळवार, २१ जानेवारी

चि. संचितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. तुझ्या बापाने, लवूने, पोस्टमनच्या हातातून घेऊन उलटसुलट करून पाहिलं. मी सांगितलं, चेडू कुळथाच्या पिठीचं विचारतं. तो म्हणाला, "पिठी करूक दोन पानां कित्याक लागतत?" मी म्हटलं, मालवणला शिकलेल्या माणसांना लागतात. तेव्हा पत्र माझ्या हातात दिलं.

बाय, मानेत सुई मारून घेऊ नको. मानेत जीव असतो. कोंबडीचंसुद्धा तिथेच धरतात. कोल्हापूरचा डॉक्टर तुला काय ओळखतो? सोबत वेखंड आणि सुंठ पाठवते आहे. सहाणेवर उगाळून कपाळाला लाव, आणि काळोख करून पड. दुसरं काही नको.

माझं म्हणशील तर माझं आता नसतंच. वय झालं की थांबतं म्हणतात तसं थांबलं. कधी वारा लागला तर तेवढं.

तुला कोणी सांगितलं नसेल ते सांगते. वेंगुर्ल्याहून मी तिसऱ्या वर्षी परत आले ती ह्यामुळेच. सासू लोकांना सांगायची, "सून दिसाढवळ्या दार लावून पडता." घोव काही बोलला नाही. न बोलणाऱ्याचा राग करता येत नाही, हे मोठं वाईट. म्हणून सांगते, तुझं लग्न जमेपर्यंत डोक्याचा शब्द काढू नको. लग्नानंतरही काढू नको.

तू पाच वर्षांची होतीस तेव्हा माझ्या डोक्याला आवळायचं फडकं ओढायला बसायचीस. एक टोक तुझ्या हातात, एक माझ्या. मी म्हणायचे, आणखी ओढ गो. तू दोन्ही पाय भिंतीला लावून ओढायचीस. तेव्हाच तुझ्या हाताला लागलं असेल काय, असं आता वाटतं. मी तुला बसवायला नको होतं.

तू ऐकणार नाहीस हे माहीत आहे. तुझी सुई गुरुवारी ना? त्या दिवशी मी देवळात जाईन.

तुझी आते


मालवण,
शनिवार, १ फेब्रुवारी

आतेस नमस्कार.

वेखंड मिळालं. वापरलं नाही. पाठवल्याबद्दल आभारी आहे.

इंजेक्शनं झाली. कशी, ते लिहिते, म्हणजे तू कोंबडीचा विचार करणार नाहीस. खुर्चीवर बसवून कपाळ समोरच्या टेबलावरच्या उशीला टेकवायला सांगितलं. सिस्टरने मागचे केस दोन्हीकडे बाजूला करून क्लिपा लावल्या. डॉक्टरांनी कवटीच्या खालच्या कडेवर अंगठा दाबला. एका जागी दाबल्यावर दुखणं थेट डोळ्यामागे पोचलं. ते म्हणाले, "हीच." तिथे सुई. टोचल्याचं कमी, औषध आत जाताना जळजळ जास्त, हळूहळू दहा म्हणेपर्यंत. मग दुसऱ्या बाजूला. पाच मिनिटांत संपलं. अर्धा तास बसवून ठेवलं.

तेवढ्यात डोक्याचा मागचा भाग बधिर झाला. केसांतून हात फिरवला तर दुसऱ्या कोणाचे केस वाटले. तो बधिरपणा संध्याकाळी उतरला. बसमध्ये खिडकीशी बसले होते. कसालच्या पुढे पश्चिमेचं ऊन तोंडावर आलं आणि मी डोळे मिटले नाहीत. हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

ते काम कसं करतं ते मी विचारलं. मानेतून एक मज्जातंतू कवटीवर वर जातो. त्याच्या मुळाशी बधिर करण्याचं औषध सोडतात. आमच्याकडे गळतीची घंटा आहे. कधी कधी ती अडकते आणि गळती नसताना वाजत राहते. तेव्हा तिची वायर काढून थोडा वेळ शांत ठेवावी लागते. तसं काहीसं. औषध काही तासांत उतरतं, तरी आराम काही आठवडे का टिकतो, हे मात्र नीट कळलेलं नाही असं डॉक्टर म्हणाले. हे त्यांनी कबूल केलं, म्हणून मी बाकीच्यावर विश्वास ठेवला.

हे नीट वाच: आराम काही आठवड्यांचाच आहे. सगळ्यांना मिळतोच असं नाही. परत सुरू झालं तर परत टोचून घ्यावं लागेल.

सध्या काटा पूर्ण दिसतो. गोळ्या बंद केल्या आहेत. प्रीतम विचारतो, "म्याडम, आता हात धुवून येतास काय रोज?" म्हणजे त्याला काहीतरी कळलेलं आहे.

फडक्याने काही लागत नाही. अर्धशिशी घराण्यातून येते, जशी आपल्याला रुंद कपाळं आली. तू मला बसवलं नसतंस तरी आली असती.

तू माझ्या चार प्रश्नांपैकी एकाचंही सरळ उत्तर दिलेलं नाहीस.

संचिता


घरून,
शुक्रवार, १४ फेब्रुवारी

चि. संचितास अनेक आशीर्वाद.

अक्षर वाकडं आहे, समजून घे. काळोखात लिहिते आहे, दार ओढून.

तुझं थांबलं हे वाचून बरं वाटलं. पत्र तीनदा वाचलं. तू उन्हात डोळे मिटले नाहीस तिथे थांबून परत वाचलं. देवीने ऐकलं म्हणायचं.

माझं चाललं आहे ते चालू दे. तुझं थांबलं ना, मग झालं. माझी काळजी तू करू नको, आणि डॉक्टरला माझ्याबद्दल काही विचारू नको.

काजूला मोहोर बरा आहे. तुझी आई वालाच्या शेंगा पाठवते म्हणत होती. जास्त लिहवत नाही.

तुझी आते


मालवण,
मंगळवार, १८ फेब्रुवारी

आतेस नमस्कार.

तुझं पत्र आज आलं आणि मी लगेच बाबांना फोन केला. स्वतःचं काही सांगितलं नाही, तुझं विचारलं. ते म्हणाले, "सुगंधा पडली हा. जानेवारीपासून पडान आसा. एक दिवस उठता, दोन दिवस पडता. आमका काय नवीन?" मग आवाज खाली आणला. बाबांनी आवाज खाली आणलेला मी पूर्वी ऐकला नव्हता. म्हणाले, "पण ह्या येळेक जेवणा पण नाय गो."

म्हणजे "माझं आता नसतंच" हे खरं नव्हतं. मी तक्रार करत नाही. मीही प्रीतमला तेलाच्या हातांचं सांगितलं होतं.

"तुझं थांबलं, मग माझं चालू दे" या वाक्याचा अर्थ मला लागला नाही. दोन्हींचा संबंध काय?

मी डॉक्टरांच्या दवाखान्यात तुझ्यासाठी नंबर लावला आहे. गुरुवार, २७ फेब्रुवारी, सकाळी अकरा. बाबांना सांग की डोळे तपासायला जाते. तळेऱ्याच्या तिठ्यावरून कुडाळची बस मिळते. मी कुडाळच्या स्टँडवर उभी असेन. टोचायचं की नाही ते डॉक्टर तुला तपासून ठरवतील. मी ठरवणार नाही, तूही आधीच ठरवू नकोस.

संचिता


घरून,
सोमवार, ३ मार्च

चि. संचितास अनेक आशीर्वाद.

तू स्टँडवर उभी राहिली असशील. किती वेळ राहिलीस ते लिहू नको. मला कळतं.

आता सांगायलाच हवं, नाही तर तू पुन्हा नंबर लावशील.

तुझ्या सुईच्या गुरुवारी मी उपाशी देवळात गेले. नारळ घेतला. गुरवाला म्हटलं, देवीपुढे गाऱ्हाणं घाल. काय घालू, म्हणाला. मी सांगितलं, पण त्याने लगेच घातलं नाही. "अगो सुगंधा, असां कोण मागता काय?" मी म्हटलं, "मी मागतंय. तू घाल." मग त्याने घातलं. बा देवी म्हाराजा, लवूच्या चेडवाच्या डोक्यात जां काय असात तां काढ आणि ह्या लेकराच्या डोक्यात घाल. पुजेला आलेली चार माणसं उभी होती, ती म्हणाली, व्हय म्हाराजा. मी पण म्हटलं.

घरी येईपर्यंत उन्हात डोळ्यापुढे ती तुझी रेघ हलायला लागली होती. संध्याकाळी मी पडले. त्याच संध्याकाळी तू बसमध्ये उन्हात डोळे उघडे ठेवून बसलीस. आता तूच सांग, शिकलेली आहेस.

माझं डोकं तसं खंय कामाला लागतं? ना नोकरी, ना काटे वाचायचे. दुकानातली गोळी रोज चहाबरोबर घेते, तेवढ्यावर भांडी घासून होतात. तुझं आयुष्य अजून जायचं आहे. मी दर गुरुवारचा उपास धरला आहे, नुसत्या पाण्यावर, म्हणजे दिलेला शब्द पक्का राहील.

ती सुई मी घेतली आणि माझं थांबलं, तर ते जाणार कुठे? तुझ्याकडेच परत येणार. चार माणसांनी व्हय म्हटलेलं मोडता येत नाही. म्हणून आले नाही. राग धरू नको.

तुझी आते


मालवण,
सोमवार, २४ मार्च

आतेस नमस्कार.

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला तीन आठवडे लागले. मी रागावले नव्हते. काय लिहावं ते ठरत नव्हतं. आता ठरलं आहे.

पहिली गोष्ट. माझं परत सुरू झालं आहे. ६ मार्चला पहिल्यांदा, त्यानंतर तीनदा. तू सुई घेतली नाहीस, शब्द मोडला नाहीस, उपास धरलेस, तरी सुरू झालं. आराम काही आठवड्यांचा असतो असं मी १ फेब्रुवारीला लिहिलं होतं. ते आठवडे संपले. सध्या तुझंही दुखतं आहे आणि माझंही. म्हणजे तू सोसलेलं माझ्या उपयोगी पडत नाही. हे कठोर वाटेल. पण तू काळोखात पडून मला काहीतरी देते आहेस असं समजावंस, आणि मी ते समजू द्यावं, हे मला जमणार नाही.

दुसरी गोष्ट. त्या गुरुवारी तुला का उठलं. तू उपाशी होतीस आणि उन्हातून चालत आलीस. उपाशी पोटी अर्धशिशी उठते हे मी तुला शिकवायला नको. मी लहान असताना तू आईला म्हणायचीस, "माका पेज वाढ, नायतर डोक्यां उठतला." आता दर गुरुवारी तू स्वतःच ते उठवते आहेस, आणि रोजची गोळी ते खाली बसू देत नाही. माझंही गोळ्यांनी तसंच झालं होतं.

तिसरी गोष्ट. हे सगळं पटूनही तू येणार नाहीस, हे मला माहीत होतं. चार माणसांनी व्हय म्हटलेलं आहे. म्हणून काल मी गावी आले होते.

तळेऱ्याला उतरून रिक्षाने थेट देवळात गेले. गुरवाला विचारलं, घातलेलं गाऱ्हाणं बदलता येतं का. तो म्हणाला, "बदलूक येता. पण जेच्यासाठी घातला, तेणा येवक व्हया. तू इलंस, ह्यां बरां झालां. माका पण तां गाऱ्हाणां घालून झोप नाय." मी नारळ आणला होता. काय घालायचं ते मी त्याला नेमकं सांगितलं आणि परत म्हणवून घेतलं. सुगंधाने भाचीसाठी जे मागून घेतलं ते तिच्याकडून काढ. भाचीला विचारून मागितलेलं नव्हतं. ते सुगंधाला नको, भाचीलाही नको. देवळात एक म्हातारी वाती वळत बसली होती. ती म्हणाली, व्हय म्हाराजा. गुरव पुढे बोलेना. बघितलं तर तो माझ्यासाठी थांबला होता. मग मीही म्हटलं.

माझा यावर विश्वास आहे असं मी लिहिणार नाही. पण यंत्र ज्या क्रमाने चालू करतात त्याच्या उलट क्रमाने ते बंद करतात, आणि मधला एकही वाल्व सोडत नाहीत. एवढं मला शिकवलेलं आहे. तो वाल्व बंद केला. खात्री हवी तर गुरवाला विचार.

नंतर घरी आले. तू पडली होतीस. फडकं सैल झालं होतं. मी गाठ सोडून परत बांधली, एकटीने, त्यामुळे तितकी घट्ट बसली नाही. तू डोळे न उघडता आईच्या नावाने "आनंदी?" म्हणालीस. मी फडक्याचं टोक धरून होते. तू म्हणालीस, "आणखी ओढ." मी ओढलं. मग तू झोपलीस आणि मी उंबऱ्यावर बसले. मलाही त्या दिवशी दुखत होतं. तुझी खोली मला बरी वाटली. लहानपणी तिची भीती वाटायची. मोठेपणी मला हीच खोली मिळणार, असं तेव्हापासून मनात होतं. हे मी कोणाला सांगितलेलं नव्हतं.

बाबा अंगणात बसले होते. तिथेच मी त्यांना सगळं सांगितलं, माझं आणि तुझं.  ते म्हणाले, "म्हणजे ती पिठी न्हयच होती." तुला कुडाळला आणायला ते तयार आहेत. डोळ्यांचं खोटं कारण आता लागणार नाही. शनिवारी मी कारखान्यातही मालकांना सांगितलं. त्यांनी वाल्व काढून घेतले नाहीत. काटा वाचताना प्रीतमने शेजारी उभं राहायचं, एवढं ठरवलं. तो म्हणाला, "म्याडम, एक डोळो तुमचो, एक माझो." मला ते वाईट वाटलं नाही.

आता मुख्य. २७ मार्चला डॉक्टरांकडे जागा नाही. १० एप्रिलच्या गुरुवारी मी लागोपाठचे दोन नंबर घेतले आहेत, साडेदहाचा आणि पावणेअकराचा. पहिला तुझा, दुसरा माझा. तुला आधी ते तपासतील, आणि योग्य वाटलं तरच टोचतील. एकच दिवस, एकच खुर्ची. तुझं थांबलं तर ते जाणार कुठे, असं तू विचारलं होतंस. माझ्याकडे येईल म्हणशील, तर माझं डोकं त्याच खुर्चीत पंधरा मिनिटांत पोचलेलं असेल. तिसरं डोकं आपण त्याला दिलेलं नाही.

सुई घुसताना मी समोर बसेन. तुझे क्लिपा लावलेले केस मी धरीन. त्या दिवशी उपास नाही. पेज खाऊन निघ.

येणार की नाही, एवढंच लिही. एक शब्द पुरे. शनिवारी, ५ एप्रिलला दुपारी मला दवाखान्यात दोन्ही नावं पक्की करायची आहेत, म्हणून पत्र त्याआधी माझ्या हातात पडेल अशा बेताने टाक.

संचिता